पाचांचा अल्बम

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा दुसरा अल्बम आम्ही प्रथम ऐकला तो उलट्या क्रमाने. १९८०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पुण्यात मराठी घेऊन एम.ए. करणारे आम्ही पाच जण, एकाची खोली, एक जुना टेपरेकॉर्डर, आणि आमच्यातल्या पाचव्याने कोणाच्या तरी तबकडीवरून भरून आणलेली कॅसेट. भरणाऱ्याने तबकडीची दुसरी बाजू आधी भरली होती. वेष्टनावर बॉलपेनने बँडचे नाव आणि '१९६८' एवढाच मजकूर होता. गाण्यांची नावे नाहीत, वादकांची नाहीत, कोणते गाणे कोणी रचले याचा पत्ता नाही. त्यामुळे आरंभीच जवळजवळ बारा मिनिटांचा एक शब्दहीन कल्लोळ, मग एक झोपाळलेले गाणे, मग एक विचित्र विनम्र गाणे, आणि त्यानंतर मूळ तबकडीची पहिली बाजू, अशा क्रमाने तो अल्बम आमच्या कानांत बसला. साहित्याचे विद्यार्थी असल्यामुळे आम्ही सवयीने त्यामागचा एक कर्ता कल्पिला. हे सारे एकाच विलक्षण माणसाच्या डोक्यातून आले आहे, अशी आमची खात्री होती.

ती खात्री सर्वस्वी चुकीची होती, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' हा अल्बम एका माणसाचा नाही, आणि नीट पाहिले तर एका बँडचाही नाही. एक बँड संपत असताना आणि दुसरा त्याच नावाने सुरू होत असताना, मधल्या दहा महिन्यांत तो तयार झाला. पिंक फ्लॉइडच्या साऱ्या कारकिर्दीत ज्यावर पाचही जणांचे वादन आहे असा हा एकच अल्बम.

आधी थोडा इतिहास. बँडचा पहिला अल्बम, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', ऑगस्ट १९६७मध्ये आला. हे नाव केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या बालकादंबरीतल्या एका प्रकरणाचे. त्यातल्या अकरा रचनांपैकी आठ एकट्या सिड बॅरेटच्या होत्या. बँडला नाव देणारा तोच. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांतून त्याने ते जुळवले होते. गिटार वाजवणारा, गाणारा आणि लोक ज्याला पाहायला येत तोही तोच. रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकात वास्तुशास्त्र शिकायला आलेले विद्यार्थी. बॅरेट चित्रकलेचा विद्यार्थी. पहिला अल्बम ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्याच सुमारास ज्याच्यामुळे तो गेला होता तो माणूस हातातून निसटू लागला.

बॅरेटला काय झाले होते, याविषयी अर्धशतकाहून अधिक काळ लिहिले गेले आहे. एलएसडीचे अतिरेकी सेवन, एकाएकी आलेल्या प्रसिद्धीचा ताण, मुळातली काही मानसिक व्याधी, अशी कारणे सांगितली जातात. दुरून निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही. जे दिसत होते ते एवढेच की कार्यक्रमात तो कधी एकच स्वर वाजवीत राही, कधी काहीच वाजवीत नसे. नोव्हेंबर १९६७मधला अमेरिकेचा दौरा अर्ध्यावर आटोपता घ्यावा लागला. वर्षअखेरीस बँडने डेव्हिड गिल्मोरला बोलावले. हा केंब्रिजचाच, बॅरेटचा जुना मित्र. दोघे तिथल्या तंत्रमहाविद्यालयात असताना एकत्र गिटार वाजवीत असत. बेत असा होता की बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनप्रमाणे बॅरेटने घरी राहून गाणी लिहावीत आणि मंचावर इतरांनी ती वाजवावीत.

पाच जणांचा हा बँड जेमतेम काही कार्यक्रमांपुरता टिकला. याच दिवसांतल्या एका तालमीची हकीकत प्रसिद्ध आहे. बॅरेटने एक नवे गाणे आणले, 'जमले का?' अशा अर्थाचे, आणि तो ते इतरांना शिकवू लागला. प्रत्येक खेपेस तो चाल बदलत असे. इतर जण मागून धापा टाकीत येत आणि तो तोच प्रश्न गाऊन पुन्हा विचारी. त्यात वेड किती आणि विनोद किती, हे कोणालाच सांगता आले नाही. पुढे वॉटर्सने त्या प्रसंगाचे कौतुकच केले. ते गाणे ध्वनिमुद्रित झाले नाही.

२६ जानेवारी १९६८ रोजी साउदॅम्प्टनला कार्यक्रम होता. बाकीचे गाडीतून निघाले. वाटेत बॅरेटला घ्यायचे होते. ड्रमवादक निक मेसनने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. गाडीत कोणीतरी विचारले, सिडला घ्यायला जायचे का? उत्तर आले, जाऊ दे. गाडी वळली नाही. आम्हांला या हकीकतीत सर्वांत बोचतो तो 'कोणीतरी' हा शब्द. गाडीत मोजकी माणसे, तीही वर्षानुवर्षांची सोबती. तरी बँडच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेणाऱ्याला नाव नाही. अधिकृत घोषणा व्हायला एप्रिल उजाडला. बँडचे व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग हे बॅरेटच्या बाजूने गेले. उरलेल्या चौघांत काही करून दाखवण्याची धमक आहे, असे त्यांना वाटत नव्हते.

या पार्श्वभूमीवर अल्बम पुन्हा, आणि या वेळी योग्य क्रमाने, ऐकला की सांधे दिसू लागतात. सात रचना. त्यांतली बॅरेटची एकच. 'रिमेम्बर अ डे' हे राइटचे गाणे १९६७मध्येच मुद्रित झालेले. त्यावरची घसरत जाणारी गिटार बॅरेटची. ड्रम मात्र मेसनचे नाहीत. त्याला तो ठेका मनासारखा साधेना, तेव्हा निर्माता नॉर्मन स्मिथ स्वतः ड्रमवर बसला. हा स्मिथ पूर्वी बीटल्सचा ध्वनिमुद्रक होता. 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' हे वॉटर्सचे गाणे ऑगस्ट १९६७मध्ये सुरू झाले आणि गिल्मोर आल्यावर पुरे झाले. बॅरेट आणि गिल्मोर या दोघांचीही गिटार असलेले हेच एक गाणे मानले जाते. पण कोणती कोणाची, हे कानाने वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे. या गाण्याच्या शब्दांतही दुसऱ्यांचे हात आहेत. ए. सी. ग्रॅहम यांनी इंग्रजीत आणलेल्या उत्तर तांग काळातल्या चिनी कवितांच्या संग्रहातून वॉटर्सने काही ओळी उचलल्या. नवव्या शतकातला ली शांगयिन, विसाव्या शतकातला त्याचा अनुवादक आणि एक तरुण बासवादक असे तिघे त्या गाण्यात एकाच आवाजात बोलतात. तबकडीवर नाव मात्र एकाचेच.

'कॉर्पोरल क्लेग' हे युद्धात पाय गमावलेल्या सैनिकावरचे, वरकरणी चेष्टेखोर गाणे. वॉटर्सचे वडील १९४४ साली इटलीतल्या आन्झिओच्या लढाईत पडले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. युद्ध हा विषय त्याने पुढे 'द वॉल' आणि 'द फायनल कट'मध्ये मोठा केला; त्याची पहिली नोंद इथे, तुतारीसारख्या केकाटणाऱ्या खेळण्यातल्या वाद्याच्या साथीने झाली आहे. बॅरेटच्या परीकथा आणि बागुलबुवांच्या जगात या विषयाला जागा नव्हती. राइटच्या 'सी-सॉ'चे कामचलाऊ नाव होते, 'मी ऐकलेले, दोन सोडून, सर्वांत कंटाळवाणे गाणे'. माणसे आपापल्या जागा चाचपडत होती आणि त्यांना त्याची जाणीवही होती, हे या नावावरून कळते.

आणि ती शीर्षकरचना, आमच्या कॅसेटवर सर्वांत आधी आदळलेली. बॅरेट गेल्यावर चौघांनी मिळून केलेली ही पहिली मोठी गोष्ट. वॉटर्स आणि मेसन यांनी तिचा कागदावर आराखडा काढला. चढ कुठे, उतार कुठे, शिखर कुठे. गिल्मोरला तो वास्तुविशारदांच्या नकाशासारखा वाटला. गिल्मोरने गिटार जमिनीवर आडवी ठेवून मायक्रोफोनच्या स्टँडचा सुटा पाय तिच्या तारांवर फिरवला. झांजांचा घुमारा, ड्रमचे फिरते आवर्तन, पियानोवरचे आघात आणि अखेरीस ऑर्गनवर हळूहळू चढत जाणारा शब्दहीन समूहस्वर. गाणी लिहिणारा निघून गेला होता. मागे राहिलेल्यांना त्याच्यासारखी गाणी लिहिता येत नव्हती. तेव्हा त्यांनी शब्दच बाजूला ठेवले आणि जे शिक्षण अर्धवट टाकून ते आले होते, त्या वास्तुशास्त्राच्या पद्धतीने एक इमारत उभी केली. पुढच्या दशकातल्या पिंक फ्लॉइडचा पाया इथे घातला गेला, असे समीक्षक म्हणतात आणि ते खरे आहे.

मग प्रश्न असा पडतो की हे नाव कोणाचे? मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. नामदेवाच्या गाथेत 'नामा' या मुद्रिकेखाली विष्णुदास नामा आणि इतर नंतरच्या कवींचे अभंग मिसळले गेले, आणि कोणता कोणाचा हे लावण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. त्या नामांनी मूळ नामदेवाला बाजूला सारले होते असे नव्हे. नाव ही परंपरेची जागा होती आणि ते तिथे येऊन उभे राहिले. रॉक बँडचे नाव काहीसे असेच वागते. तथापि तुलना फार ताणू नये. इथे आधीचा नामा जिवंत होता, बावीस वर्षांचा होता, त्याच शहरात राहत होता, आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचा मित्र त्याची गाणी म्हणत होता.

आता आमच्याकडे वळले पाहिजे, कारण हा लेख निव्वळ संगीताच्या प्रेमाने लिहिला जात नाही. या लेखातले 'आम्ही' संपादकी थाटाचे वाटेल. ती सवय जडली ती त्या दिवसांतच. आम्ही पाच जण मिळून एक अनियतकालिक काढत होतो. नाव, आकार, पहिल्या पानावरचे निवेदन, सारे त्या पाचव्याचे, ज्याने ती कॅसेट आणली होती. पहिल्या अंकातले निम्म्याहून अधिक लेखन त्याचेच होते आणि जे चांगले होते ते तर सगळेच त्याचे. आमच्या कविता त्याच्या कवितांच्या आधाराने उभ्या होत्या. परीक्षेनंतर आम्ही पांगलो. तो सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेला. तिथून त्याची पत्रे येत. आधी लांबलचक, मग तुटक, मग नुसत्याच कविता. एकच कविता दर पत्रात वेगळी होऊन येई आणि खाली लिहिलेले असे, हाच पाठ अंतिम समजावा. बैठकीला आला तर कोपऱ्यात बसे, आणि निघताना मात्र एखादे वाक्य असे बोले की आमची तासाभराची चर्चा निकालात निघे. त्याच्या घरचे त्याला पुण्यातल्या डॉक्टरांकडे आणतात, असे आमच्या कानावर आले होते. आम्ही त्याविषयी कधी विचारले नाही.

दुसऱ्या अंकाची बैठक ठरली. आमच्यापैकी एकाने इतरांना पोस्टकार्डे टाकायची, असा रिवाज होता. चार टाकायची, ती त्या वेळी तीनच टाकली गेली. बैठकीत पाचवा का आला नाही असे कोणी विचारले नाही. त्याला कळवले होते का, असेही नाही. त्याच्या दोन कविता आमच्या हाती होत्या. त्या घ्याव्यात की नाहीत याची चर्चा मात्र झाली. त्या दुर्बोध आहेत, वाचक गोंधळेल, अंकाचा तोल जाईल, असे मुद्दे निघाले, आणि त्या फाइलीत परत गेल्या. संपादक मंडळात चार नावे छापली. अंक चांगला निघाला, असे लोक म्हणाले. पाचव्या अंकानंतर तो बंद पडला. हा सारा वृत्तांत आम्ही अनेकदा एकमेकांना सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी 'ते तसे होत गेले' असेच सांगितले आहे. 'आम्ही' म्हटले की जबाबदारी चौघांत वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला पुरती येत नाही. म्हणून इथे एवढे नोंदवणे भाग आहे की तीन पोस्टकार्डे ज्या हाताने लिहिली, तोच हात हा लेख लिहीत आहे.

या आठवणीसह 'जगबँड ब्लूज'कडे यायला हवे. अल्बमवरचे बॅरेटचे ते एकमेव गाणे, ऑक्टोबर १९६७मधले. गिल्मोर येण्याच्या आधीचे. त्यात एक माणूस अत्यंत अदबीने, आपण इथे आहोत असे धरून चालल्याबद्दल समोरच्यांचे आभार मानतो आणि आपण इथे नाही हे त्यांच्या नजरेस आणतो. मध्येच साल्व्हेशन आर्मीचा ब्रास बँड येतो. त्या वादकांनी मनाला येईल ते वाजवावे, असा बॅरेटचा आग्रह होता. स्मिथला लिहिलेले संगीत हवे होते. अखेर दोन्ही प्रकारे वाजवून घेतले गेले. मग सगळे थांबते आणि एकटी साधी गिटार व एकटा आवाज उरतो, आणि तो एका प्रश्नावर संपतो.

हे गाणे निरोपाचे आहे, असे आज सर्व जण म्हणतात. लिहिताना ते तसे होते का, हे ठरवणे अवघड आहे. लिहिणारा तेव्हा बँडमध्येच होता. त्याला निरोपाचा अर्थ आला तो त्याच्या जागेमुळे; जून १९६८च्या अखेरीस अल्बम आला तेव्हा ते गाणे शेवटचे होते. म्हणजे ज्यांनी गाडी वळवली नाही, त्यांच्याच अल्बममध्ये अखेरचा शब्द त्याला मिळाला. आमच्या कॅसेटवर मात्र हे गाणे मध्येच आले होते आणि त्यानंतर जोरकस 'लेट देअर बी मोअर लाइट' सुरू होत असे. त्या क्रमात तो माणूस क्षणभर बाजूला झाला आणि परत आला, असेच वाटे. कदाचित म्हणूनच त्या वेळी ते गाणे आम्हांला कळले नाही.

चौघांना निर्दोष ठरवण्याचा आमचा हेतू नाही. त्याच काळातली बॅरेटची आणखी दोन गाणी, 'व्हेजिटेबल मॅन' आणि 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम', त्यांनी अल्बमबाहेर ठेवली आणि ती पुढे दशकानुदशके बाहेर आली नाहीत. २०१६मध्ये बँडच्या आरंभीच्या वर्षांच्या संचात ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, तेव्हा बॅरेटला जाऊन दहा वर्षे झाली होती. पण त्यांनी काही गोष्टी केल्याही. गिल्मोर आणि वॉटर्स यांनी १९७०मध्ये आलेल्या बॅरेटच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमला हातभार लावला. त्याच वर्षीच्या दुसऱ्यासाठी गिल्मोर आणि राइट खपले. ५ जून १९७५ रोजी, ज्याच्या आठवणीने 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' रचले त्याचेच काम ॲबी रोडच्या स्टुडिओत चालू असताना, एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन उभा राहिला. तो बॅरेट आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला. पुढे तो केंब्रिजला परतला, चित्रे काढत आणि बागकाम करत राहिला, आणि ७ जुलै २००६ रोजी साठाव्या वर्षी वारला.

राइट २००८मध्ये गेला. वॉटर्स आणि गिल्मोर यांच्यात नावावरून १९८०च्या दशकात जे वैर पडले, ते २००५मध्ये एका मंचावर चौघे एकत्र आल्यानंतरही मिटले नाही. बँडच्या प्रत्येक अल्बमवर असलेला एकटा मेसन. त्याने २०१८मध्ये जुनी, बहुतेक बॅरेटच्या आणि त्याच्या लगतच्या काळातली गाणी वाजवणारा नवा संच काढला. त्याला नाव दिले ते या दुसऱ्या अल्बमचे.

आमची ती फाइल अलीकडे सापडली. दोन कविता, प्रत्येकीचे तीन-चार पाठ, प्रत्येकाखाली 'हाच अंतिम'. आज वाचताना त्या दुर्बोध वाटत नाहीत. दुसऱ्या अंकातल्या आमच्या चौघांच्या कविता मात्र वाचवत नाहीत. त्या दोन कविता कुठेतरी प्रसिद्ध कराव्यात असे आमच्यातल्या एकाने सुचवले, आणि क्षणभर ते उदारपणाचे वाटलेही. पण पाचवा हयात आहे. त्याच गावात आहे, शेती पाहतो, आणि काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा त्याने अंकाविषयी अवाक्षर न काढता आमच्या मुलांची चौकशी केली होती. कोणता पाठ अंतिम, हे अजूनही त्यालाच ठाऊक. त्या त्याच्या न कळत छापणे म्हणजे आणखी एक बैठक त्याला वगळून घेणे होय. तेव्हा मूळ कागद त्याला परत पाठवायचे ठरवले आहे, सोबत एक पत्र. ते पत्र 'आम्ही' अशा सुरुवातीने लिहायचे नाही, एवढे नक्की झाले आहे. पुढचे वाक्य अजून सुचलेले नाही.